मखमलीवरचीं रानफुलें

गेल्या सालीं शाळेच्या हस्तकला-प्रदर्शनासाठीं देशोदेशींच्या भरतकामाचीं छायाचित्रें भिंतीवर लावण्याचें काम आमच्याकडे आलें होतें. त्यांत एका काळ्या मखमली पिशवीचें चित्र होतें. पिशवी शाळेच्या वहीच्या पानाएवढी, कडेनें रेशमी फीत शिवलेली, आणि तिच्या दर्शनी बाजूवर कांचेच्या बारीक मण्यांनीं भरलेली एक वेल. सातवींतल्या एका मुलीनें ती निरखून पाहिली व विचारिलें, "सर, ही काठेवाडची का?" आम्हीं सांगितलें कीं नाहीं, ही कॅनडांतील अल्गॉन्क्विन नांवाच्या मूळ रहिवाशांची. तिनें लागलाच दुसरा प्रश्न केला, "मग हीं फुलें त्यांस कोणीं शिकविलीं?"

आम्ही मिशनच्या शाळेंत शिकलेले व मिशनच्याच शाळेंत शिकविणारे. उत्तर जिभेवर तयार होतें: फ्रान्सहून गेलेल्या धर्मभगिनींनीं. चित्राखालच्या चिठ्ठीवर आम्हीं तसें लिहूनही टाकिलें. पुढें वर्षभरांत या विषयावर जें वाचावयास मिळालें त्यावरून तें उत्तर फार तर अर्धें खरें आहे असें आम्हांस दिसून आलें. अर्धें खरें उत्तर शिक्षकानें भिंतीवर फार दिवस राहूं देऊं नये, म्हणून हा लेख.

आधीं माणसें कोण तें सांगितलें पाहिजे. विद्यार्थ्यांनीं नकाशा उघडून कॅनडाच्या पूर्वभागांत ओटावा नदी शोधावी. क्यूबेक व ऑन्टॅरिओ या दोन प्रांतांच्या सीमेवरून बराच मार्ग वाहत ती मॉन्ट्रियलजवळ सेंट लॉरेन्स नदीस मिळते. या नदीचें व तिच्या उपनद्यांचें खोरें ही अल्गॉन्क्विनांची भूमि. कॅनडाची राजधानी याच भूमीवर उभी आहे. ते स्वतःस अनिशिनाबे म्हणवितात. १६१३ सालीं शांप्लें हा फ्रेंच प्रवासी या नदीनें वर गेला, तेव्हां नदींतील एका बेटावर त्यांचा तेसूआ नांवाचा नायक राहत असे, आणि वरखालीं जाणाऱ्या नावांस त्याची जकात चुकत नसे. आज त्यांच्या वस्त्यांपैकीं मोठी अशी एक क्यूबेकांत मॅनिवाकी गांवाजवळ आहे. तिचें नांव कितिगान झिबी, म्हणजे बागेची नदी. पुस्तकांतून 'अल्गॉन्कियन' असें दुसरें एक नांव आढळतें. तें एका जमातीचें नसून मोठ्या भाषाकुळाचें आहे. त्यांत ओजिब्वे, क्री, मिकमॅक, ब्लॅकफूट इत्यादि अनेक लोक येतात. आम्हीं आरंभीं या दोन नांवांची गल्लत केली होती.

या लोकांचा कागद म्हणजे भूर्जाची साल. आपल्या देशांत ज्या भूर्जपत्रांवर पोथ्या लिहिल्या गेल्या तीं हिमालयांतील भूर्जाचीं. ओटावाच्या रानांतला भूर्ज त्याचाच सगोत्र. त्याच्या सालीच्या नावा करीत, आणि त्या इतक्या हलक्या कीं नदींत धबधबा आडवा आला म्हणजे नाव खांद्यावर घेऊन कांठानें चालूं लागत. डबे सालीचे, परड्या सालीच्या, घराचें आच्छादनही सालीचें. थंडींत किंवा वसंताच्या अगदीं आरंभीं काढलेल्या सालीच्या आंतल्या अंगास तांबूस-तपकिरी रंगाचा एक पातळ थर असतो. डबा करितांना हें अंग बाहेर घेत, त्यावर सालीचाच कापलेला पानाफुलाचा नमुना ठेवून भोंवतीं रेघ ओढीत, आणि नमुन्याबाहेरचा तपकिरी थर सुरीनें खरवडून काढीत. भोंवतालची जागा फिकी पडे व फूल गडद उठून दिसे. कितिगान झिबी येथील हें काम फ्रँक स्पेक या अमेरिकन पंडितानें १९४१ सालीं सविस्तर वर्णिलें आहे. मखमलीवरची वेल समजून घ्यावयाची तर या डब्यांपासून आरंभ केला पाहिजे, कारण नमुना कापून तो पृष्ठभागावर मांडण्याची हातोटी येथेंच घडली.

याहूनही नवलाचा एक प्रकार आहे. भूर्जाच्या सालीचे पापुद्रे सुटतात. त्यांतला एक पातळ पापुद्रा घेऊन त्याच्या दोन-चार घड्या घालावयाच्या आणि त्या घडीवर दातांनीं हळूहळू चावे घेत जावयाचें. काय होत आहे तें डोळ्यांस दिसत नाहीं. सारा भरंवसा जिभेवर व दातांवर. घडी उलगडून उजेडासमोर धरिली म्हणजे दातांच्या खुणांतून फूल, पान, कधीं फुलपांखरूं उमटलेलें दिसतें. आपल्या मुली कागदाची घडी घालून कातरीनें जाळी कापतात, तिची ही थोरली बहीण म्हणावी. कातर मात्र तोंडांत. हे चावलेले पापुद्रे कांहीं ठिकाणीं भरतकामाचे नमुने म्हणूनही उपयोगीं पडत.

मण्यांच्या आधीं भरतकाम होत असे तें साळिंदराच्या कांट्यांनीं व मूस नांवाच्या प्रचंड हरणाच्या केसांनीं. तेथील साळिंदर आपल्याकडील साळिंदराहून निराळें. त्याचे कांटे आंखूड व बारीक, आणि एकाच्या अंगावर सुमारें ३०,००० असतात. ते वनस्पतींच्या रसांत रंगवून, तोंडांत भिजवून मऊ करून, चपटे करून कातड्यावर बसवीत. या जुन्या परंपरेंत एक आकृति पुनःपुन्हां येते. पावसाळ्याच्या आरंभीं नेच्याचा कोंवळा कोंब टोंकाशीं गुंडाळलेला असतो. तसे दोन कोंब एकमेकांसमोर ठेविले म्हणजे ती आकृति झाली. याच स्पेकनें १९१४ सालीं एक पुस्तिका लिहून तिला 'दुहेरी वळण' असें नांव दिलें व ईशान्येकडील अल्गॉन्कियन लोकांत ती किती दूरवर पसरलेली आहे तें दाखविलें.

आतां मणी. मणी तेथें अगदींच नवे नव्हते. समुद्रकांठच्या शिंपल्यांचे पांढरे व जांभळे मणी घडवून त्यांचे पट्टे विणीत, आणि तह, करार, शोक असल्या गंभीर प्रसंगीं ते पट्टे देत-घेत. तो दागिना कमी व दस्तऐवज अधिक. कितिगान झिबीचे वयोवृद्ध पुढारी विल्यम कमांडा (१९१३–२०११) यांनीं असे प्राचीन पट्टे अनेक वर्षें आपल्या रक्षणाखालीं ठेविले होते. ते भूर्जाच्या नावा बांधण्यांतही निष्णात होते.

कांचेचा मणी मात्र परदेशचा. बीव्हर नांवाच्या जनावराच्या कातड्यांच्या मोबदल्यांत फ्रेंच व इंग्रज व्यापारी तो देत, आणि तो तयार होई मुख्यतः व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर, पुढें बोहेमियांतही. त्याची कृति सांगण्यासारखी आहे. भट्टींतून काढलेल्या रसरशीत कांचेच्या गोळ्यांत हवेची पोकळी ठेवावयाची, दोन्ही टोंकांस लोखंडी कांबी चिकटवावयाच्या, आणि दोन मजुरांनीं एकेक कांब धरून लांब पडवींतून उलट दिशांनीं धांवत सुटावयाचें. कांच ताणत जाऊन तिची बारीक नळी होते, आणि ती कितीही ताणली तरी मधली पोकळी कायम राहते. नळी थंड झाली म्हणजे तिचे बारीक तुकडे पाडावयाचे. तुकड्यांच्या भोंकांत पूड भरून ते पुन्हां तापवीत फिरविले म्हणजे कडांची धार जाते आणि भोंक बुजत नाहीं. मग चाळणीनें लहान-मोठे निवडावयाचे. शेवटचें काम व्हेनिसच्या गरीब बायकांकडे असे. त्या दारांत बसत, मांडीवर मण्यांची लाकडी परडी घेत, एका हातांत पंख्यासारख्या पसरलेल्या लांब सुया धरून त्या मण्यांत खुपशीत आणि सुयांवर चढलेले मणी दोऱ्यावर उतरवून सर करीत. आपल्या घरोघरीं जिला पोत म्हणतात तीच ही वस्तु. असा एक सर एका बाईच्या हातून निघून समुद्रापलीकडे दुसऱ्या बाईच्या हातीं पडे. व्यापाऱ्यांच्या वह्यांत मण्यांची मोजदाद आहे. त्या दोघींचीं नांवें नाहींत.

ओजिब्वे भाषा ही अल्गॉन्क्विनांच्या भाषेची सख्खी बहीण. तींत कांचेच्या मण्यास 'मनिडोमिनेन्स' म्हणतात. 'मनिडो' म्हणजे आत्मा किंवा दिव्य शक्ति, 'मिन' म्हणजे झुडपाचें बारीक फळ, आणि शेवटचा प्रत्यय लघुत्वाचा. परक्याच्या गलबतांतून उतरलेल्या मालास त्यांनीं आपल्या रानांतल्या फळाचें नांव दिलें. आमच्या मतें या एका शब्दांत त्या मुलीच्या प्रश्नाचें निम्में उत्तर आहे.

मखमलीचा काळ म्हणजे १९ वें शतक. गिरण्यांत विणलेली सुती मखमल तेव्हां स्वस्त झाली. काळी, गर्द निळी, कधीं किरमिजी मखमल कातड्याच्या जागीं आली, आणि तिच्या अंधारावर मण्यांचा रंग कातड्यावर कधीं उठला नव्हता तसा उठला. पण मखमलीवर पेन्सिलीची रेघ दिसत नाहीं. म्हणून कांहीं स्त्रिया पिठाची पातळ खळ करून काडीच्या टोंकानें वेल रेखीत. ती वाळली म्हणजे पांढरी दिसे. मण्यांच्या भारानें मखमल सुरकुतूं नये यासाठीं पाठीमागें जाड कापड किंवा कागद लावीत. मग दोन सुया व दोन दोरे. पहिल्या दोऱ्यांत मणी ओंवून तो सर रेघेवर पसरावयाचा. दुसरा दोरा कापडाखालून वर आणून दर दोन-तीन मण्यांमागें पहिल्या दोऱ्यावर आडवा टाका घालावयाचा. जरीचा कलाबतू कापडावर ठेवून दुसऱ्या दोऱ्यानें जागच्या जागीं बांधतात, तीच ही युक्ति. प्रथम पाकळीची कड पुरी करावयाची, मग तिच्या आंत ओळीमागून ओळ. कडेस गडद तांबडा, मग गुलाबी, मग पांढरा, अशा छटा लावल्या कीं पाकळी वळलेली भासते. शेजारच्या मोहॉक स्त्रिया मणी एकमेकांवर रचून फूल उंच उचलीत. अनिशिनाबे स्त्रियांचें काम बहुधा सपाट असतें, आणि आम्हांस तेंच अधिक आवडतें. आवडीनिवडीचा वाद येथें घालीत नाहीं.

शिवणाच्या वर्गांतील मुलींनीं हिशेब करून पाहावा. मधल्या प्रतीची पोत घेतली तर एका इंचांत सुमारें १८ मणी बसतात व शेजारीं शेजारीं सुमारें ११ ओळी. म्हणजे एका चौरस इंचास जवळ जवळ २०० मणी. आमच्या चित्रांतील वेलीनें ३० चौरस इंच व्यापले आहेत असें धरूं. ६,००० मणी झाले. दर तिसऱ्या मण्यामागें एक टाका धरिला तर २,००० टाके, आणि त्यांतला एकही उजव्या बाजूनें दिसतां कामा नये.

वेल नीट पाहिली तर एक चमत्कार ध्यानांत येतो. देठ एकच, पण त्यावरचीं फुलें निरनिराळ्या जातींचीं. एका फांदीवर कळी, दुसरीवर फूल, तिसरीवर पिकलेलें फळ. वनस्पतिशास्त्राचे आमचे सहकारी हें मान्य करणार नाहींत. पण जिनें ती भरली ती अडाणी होती म्हणून नव्हे. कोणतें झुडूप कोणत्या चंद्राच्या सुमारास फुलतें, कोणतें फळ केव्हां वेंचावें, कोणतें मूळ ज्वरास चालतें, हें ज्ञान बायकांचेंच असे, कारण वेंचणें त्यांच्याकडे होतें. पाहुण्यास दाखवावयाचें तर सारा ऋतुक्रम एका देठावर दाखवावा, असेंच तिला वाटलें असेल. त्यांत पांच पाकळ्यांचा रानगुलाब येतो, मेपलचें पान येतें, आणि स्ट्रॉबेरी तर वारंवार येते. ओजिब्वे भाषेंत स्ट्रॉबेरीस 'ओडेइमिन', म्हणजे हृदयफळ, असें म्हणतात; आकार पाहिला तर नांव पटतें. महाबळेश्वरास जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांस हें फळ दाखवावयास नको. तेथें पिकतें ती बागाइती जात १८ व्या शतकांत युरोपांत निपजली, ती उत्तर अमेरिकेंतील याच रानस्ट्रॉबेरीच्या व चिलीकडील दुसऱ्या एका जातीच्या संकरांतून. तेव्हां मखमलीवरचें तें फळ आपल्याही परिचयाचें आहे.

आतां धर्मभगिनींकडे वळूं. १६३९ सालीं अर्सुलाइन पंथाच्या मारी द लँकार्नासियों या क्यूबेकास पोहोंचल्या. त्या स्वतः उत्तम कशिदा काढीत. त्यांनीं मुलींची शाळा काढिली, अल्गॉन्क्विन भाषा शिकून तिचा कोशही रचिला. त्यांच्या मठांतील वेदीवस्त्रांवर रेशमी फुलें भरलेलीं आहेत. मारियस बार्बो या कॅनडियन पंडिताचें मत असें कीं, मूळ रहिवाशांचीं फुलें या मठांतून निघालीं. उलट स्पेकचा कल 'दुहेरी वळणा'सारखें मूळ देशीच आहे असें मानण्याकडे. दोन्ही पक्षांवर पुढें आक्षेप निघाले आहेत. आमची अडचण साधी आहे. मारीबाईंनीं १६६८ सालीं आपल्या मुलास लिहिलेल्या पत्रांत प्रांजळपणें कबूल केलें कीं, शंभर मुली हाताखालून गेल्या तरी मनासारखी वळलेली एखादीच. बाकीच्या संधि मिळतांच कुंपणावरून चढून रानांत आपल्या आईबापांकडे जात. इतक्या थोड्या मुलींनीं शेंकडों मैलांच्या रानास फुलें कशीं शिकविलीं? शिवाय मण्यांच्या फुलांस खरा बहर आला तो दोनशें वर्षांनंतर.

आणि शिकणें एकाच दिशेनें झालें असेंही नाहीं. १८ व्या शतकांत त्याच मठांतील भगिनी भूर्जाच्या सालीच्या पेट्या करून त्यांवर रंगविलेल्या मूसकेसांनीं फुलें भरीत व त्या युरोपियन गिऱ्हाइकांस विकीत. साल कोणाची, केस कोणाचे, रंगविण्याची रीत कोणाची? तेथें गुरु व शिष्य यांनीं जागा बदलल्या होत्या. आम्हांस असें वाटतें कीं, पाकळीची घडण व छटा यांत वेदीवस्त्रांचा, छापील चिटांचा आणि चिनी मातीच्या बशांचाही हात असावा; पण कापलेला नमुना, देठाचें वळण, आणि कोणतें झाड कोठें लावावयाचें याची समज त्या स्त्रियांची घरचीच. बियाणें थोडें उसनें आलें म्हणून शेत दुसऱ्याचें होत नाहीं.

शाळांबद्दल आणखी एक गोष्ट आहे, आणि मिशन शाळेच्या वार्षिकांत ती लिहितांना आम्हांस संकोच वाटतो. पण ती गाळली तर पहिलीच चूक पुन्हां केल्यासारखें होईल. १९ व्या शतकाच्या अखेरीपासून कॅनडांत सरकारी पैशानें व ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्यवस्थेनें मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीं वसतिशाळा चालविल्या गेल्या. सुमारें १,५०,००० मुलें घरापासून तोडून त्यांत ठेविलीं गेलीं, आणि आईची भाषा बोलल्याबद्दल त्यांस शिक्षा होई. हजारों मुलें परत आलींच नाहींत. क्यूबेकांत अमॉसजवळ १९५५ ते १९७३ पर्यंत चाललेल्या अशा एका शाळेंत अल्गॉन्क्विन मुलें नेलीं जात. देशांतील शेवटच्या शाळा १९९० नंतर बंद झाल्या. ११ जून २००८ रोजीं कॅनडाच्या पंतप्रधानांनीं पार्लमेंटांत क्षमा मागितली, २०१५ सालीं सत्यशोधन व समेट आयोगाचा अहवाल पुरा झाला, आणि जुलै २०२२ मध्यें पोप फ्रान्सिस यांनीं तेथें जाऊन क्षमायाचना केली. आजीजवळ बसून मणी ओंवण्यास शिकण्याचें वय तें नेमकें हेंच वय. फुलें शिकविणाऱ्या शाळेचें श्रेय आम्हीं चटकन घेतलें होतें. फुलें विसरावयास लावणाऱ्या शाळाही आमच्याच धर्मबंधूंनीं चालविल्या, हें मुलांस कळलें पाहिजे.

तरी धागा तुटला नाहीं. नादिया मायर (जन्म १९७४) ही कितिगान झिबीच्या अल्गॉन्क्विनांपैकीं एक कलावती. १८७६ सालच्या ज्या 'इंडियन कायद्यानें' या लोकांचें जिणें सरकारच्या मुठींत गेलें, त्या कायद्याचीं ५६ छापील पानें तिनें घेतलीं आणि त्यांवर मणी भरावयास काढिलें. अक्षरें असतील तेथें पांढरा मणी, कोरी जागा असेल तेथें तांबडा. २३० हून अधिक माणसें मदतीस बसलीं; त्यांतील कित्येकांनीं पूर्वी सुई हातींही धरिली नव्हती. कांहीं पानें पूर्ण भरलीं, कांहींवर मधूनच कायद्याचे शब्द अजून वाचतां येतात. त्या पानांवर एकही फूल नाहीं, पण टाका तोच आहे. २०१४ सालीं तिला सोबी हें कॅनडांतील मानाचें कलापारितोषिक मिळालें.

चित्राखालची चिठ्ठी आम्हीं बदलली आहे. आतां तिच्यावर लिहिलें आहे: "अल्गॉन्क्विन. काळी मखमल, कांचेची पोत, रेशमी फीत. करणारीचें नांव नोंदलेलें नाहीं." ती मुलगी यंदा आठवींत आहे. तिनें नवी चिठ्ठी वाचली, मग विज्ञानशाळेंतून भिंग आणून चित्रांतील वेलीवरून बराच वेळ फिरविलें, आणि आमच्या खोलीवर येऊन सांगितलें, "सर, टाका तिसऱ्या मण्यामागें नाहीं, दुसऱ्या मण्यामागें आहे." आम्हीं जाऊन पाहिलें. तिचें म्हणणें बरोबर होतें. तेव्हां वरच्या हिशेबांत २,००० टाके लिहिले आहेत तेथें वाचकांनीं ३,००० वाचावे.